घरबंदीत मन ताळ्यावर कसं ठेवायचं? सोलापूरकरांसाठी कामाचा धागा (मे २०२१)

भुईकोट (धागाकर्ता)

निर्बंध लागून महिना उलटला. किराणा सकाळी ७ ते ११, त्यानंतर रस्त्यावर पोलीस आणि घरात बेचाळीस अंश. ‘सकारात्मक राहा’, ‘छंद जोपासा’ हे व्हॉट्सॲपवर पोत्यानं येतंय, ते इथं नको. शहराच्या पूर्व भागात, माग आणि विडी कामगारांच्या वस्तीत, एका खोलीत सहा माणसं राहतात, कापडाचे माग बंद, विडीचं पान मिळेना, अशा घरात काय करता येतं ते लिहा. स्वतःची कहाणी नको. काय करायचं, किती वेळ करायचं, कुठं फसतं, एवढंच.

सुरुवात मी करतो. मनाला समजावत बसण्याआधी घड्याळ लावा. हे शहर पिढ्यान् पिढ्या मिलच्या भोंग्यावर उठलं, जेवलं आणि झोपलं. भोंगे गेले तरी पाळी, शाळेची घंटा, दुकानाचं शटर आणि आठवड्याचा पगार होता. घरबंदीत हे सगळं एकदम गेलं. त्यामुळं आधी झोप विस्कटते, मग भूक, मग चिडचिड, आणि माणूस म्हणतो, ‘डोक्याला काहीतरी झालंय’.

पहिलं काम म्हणजे उठायची वेळ ठरवणं. झोपायची ठरवू नका, कारण झोप हुकमावर येत नाही, उठणं मात्र हातात असतं. सध्या सहाच्या सुमारास उजाडतं. सहा ठरवा, रविवारीही सहा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत २०-३० मिनिटं उघड्यावर बसा. गच्ची, अंगण, नाहीतर दाराचा उंबरा चालेल. खोलीतल्या ट्यूबचा उजेड काही शे लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप), बाहेर तो बघता बघता काही हजारांवर जातो. डोळ्यांवर तो पडला की मेंदूतलं घड्याळ जुळतं आणि रात्रीची झोप वेळेवर येते. फसतं कुठं, तर रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी नऊपर्यंत लोळण्यात. तिथंच पुढच्या रात्रीची झोप खर्ची पडते.

दुसरं, दुपारची झोप. मे महिन्यात सोलापुरात दुपारी झोपू नका म्हणणाऱ्याला कुणी उभं करणार नाही. झोपा, पण २०-३० मिनिटं, गजर लावून, आणि तीनच्या आत. तासभर गेला की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत डोकं जड राहतं.

तिसरं, चार वाजल्यानंतर चहा बंद. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. घरात बसून कपांची संख्या कशी वाढते ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

दहा दिवस एवढंच करा, बाकीचं नंतर.

नळाचा_वार

सहाला उठायचं बरोबर आहे ओ, पण पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि कधी रात्री दोनला. त्या रात्रीचं काय?

भुईकोट

त्या रात्री उठा, भरा, परत झोपा. सकाळी तरीही सहालाच उठायचं, दुपारी अर्धा तास भरून काढायचा. खरा त्रास पाणी भरण्याचा नसतो, ‘आता येईल, मग येईल’ करत अर्धवट जागं राहण्याचा असतो. तोटी उघडी ठेवा आणि खाली बादलीत स्टीलचं पातेलं उपडं घाला. धार पडली की एवढं वाजतं की गजर लागत नाही. आणि पाळी लावा. एका रात्री एकच माणूस उठेल, सगळं घर नाही.

शेंगा_चटणी

मागावर कायम रात्रपाळी केलेल्या माणसाला रात्री झोप येतच नाही. पहाटे चारला डोळा लागतो, दुपारी बाराला उठतो. घरचे म्हणतात आळशी झाला.

भुईकोट

आळस नव्हे, त्याचं घड्याळ पाळीवर अडकलंय. एकदम बारावरून सहावर आणायला गेलात तर दोन दिवसांत परत घसरतो. दर दोन दिवसांनी उठणं एक तास अलीकडं आणा: बारा, अकरा, दहा. म्हणजे साधारण बारा दिवस लागतील. प्रत्येक टप्प्याला उठल्या उठल्या उजेड आणि काहीतरी खाणं. रात्री दहानंतर मोबाइल बाजूला आणि मोठा दिवा बंद. मधे एखादा दिवस चुकला तर जिथं होतात तिथूनच पुढं, परत बारापासून नाही. पाळ्या परत सुरू व्हायची शक्यता दिसत असेल तर मालकाला आधी विचारा. उगाच पुढच्याच आठवड्यात उलटं करायला लागेल.

पूर्वभाग

मागवाल्यांचं आणखी एक, ज्याकडं डॉक्टरांचंही लक्ष कमी जातं. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात उभं राहून कान गेलेले असतात. आधी बारीक, उंच स्वर जातात. म्हणजे बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. कारखान्यात सगळेच ओरडून बोलतात म्हणून ते लपतं. आता तोच माणूस दिवसभर घरात. तो मोठ्यानं बोलतो, बायकोला वाटतं चिडलाय. तो टीव्ही वाढवतो, पोराचा ऑनलाइन तास बुडतो. भांडण स्वभावाचं समजून चालतं आणि कारण कानात असतं.

रात्री दुसराच त्रास. शांतता झाली की कानात किर्र आवाज सुरू. आवाज आधीही होता, मागाच्या आवाजात दबला होता. माणूस घाबरतो, ‘डोक्यात काहीतरी वाजतंय’ म्हणतो, कुणी भुताखेतापर्यंत जातं. उपाय सोपा: पूर्ण शांततेत झोपू नका. पंख्याचा आवाज असू द्या, नाहीतर रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधला खरखराट हळू आवाजात. आवाज गुणगुणीपेक्षा थोडा कमीच ठेवायचा. कानातली गुणगुण पार झाकून टाकली तर मेंदूला तिची सवय होत नाही. बोलताना समोर येऊन, तोंड दिसेल असं, हळू बोला. मास्क असला की ओठ दिसत नाहीत, त्यामुळं बाहेर हा त्रास दुप्पट. कानाची तपासणी निर्बंध उठल्यावर करा, पण एकाच कानात आवाज, अचानक बहिरेपण किंवा चक्कर असेल तर थांबू नका.

सात_रस्ता

झोप न येणाऱ्यांसाठी पुढचा टप्पा.

अंथरुणावर पडून साधारण २० मिनिटं झाली आणि झोप नाही, तर उठा. घड्याळ बघून मोजू नका, अंदाजानं. दुसऱ्या कोपऱ्यात मंद उजेडात बसा, कंटाळवाणं काम घ्या: शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या. डोळे जड झाले की परत जा. मेंदूनं ‘अंथरूण म्हणजे तळमळ’ अशी गाठ बांधलेली असते, ती अशी सुटते. एकच खोली असेल तर अंथरुणावरून उठून भिंतीला टेकून बसलं तरी चालतं. पडून राहायचं नाही, एवढंच.

आठवडाभर असं करूनही जमलं नाही तर अंथरुणावरचा वेळ कमी करा. प्रत्यक्ष झोप साडेपाच तास लागत असेल आणि तुम्ही रात्री नऊ ते सकाळी सहा लोळत असाल तर साडेतीन तास फुकट तळमळ होते. उठणं सहाच ठेवून अंथरुणावर बारालाच जा. चार-पाच रात्री सलग चांगली झोप लागली की पंधरा मिनिटं अलीकडं, मग आणखी पंधरा. साडेपाच तासांच्या खाली जायचं नाही. सुरुवातीचे काही दिवस दिवसा पेंग येते, तिथं लोक सोडून देतात. आणि हे सगळ्यांसाठी नाही. फिट येणाऱ्यांनी आणि बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी) असलेल्यांनी करू नये, कमी झोपेनं आजार उसळतो.

उकाडा हे आपलं खास दुखणं. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत उष्णता सोडत असतो, त्यामुळं नऊला गच्चीवर गेलात तर पाठ भाजणारच. पाणी मारायचं तर सूर्य मावळल्यावर, दोन-तीन बादल्या, आणि वापरलेलं पाणी घ्या, प्यायचं नको. बाज किंवा खाट असेल तर खालून वारा लागतो, जमिनीवरच्या गादीपेक्षा फार फरक पडतो. झोपायच्या तासभर आधी अंघोळ. कूलर लावून खिडकी बंद करणारे बरेच आहेत. खोलीत दमटपणा कोंडतो, घाम वाळत नाही आणि जास्तच उकडतं. हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं हवं.

चादरवाला

एवढं करण्यापेक्षा मेडिकलमधून झोपेची अर्धी गोळी आणली की मिटलं.

सात_रस्ता

मिटत नाही, सुरू होतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्या काही आठवडे रोज घेतल्या की अंगाला सवय लागते. मग एकदम बंद केल्या तर झोप पार उडते, हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. सध्या कोरोनात फुप्फुसं आधीच दमलेली असतात, तिथं हा जुगार नको. ज्यांना आधीपासून चालू आहेत त्यांनीही स्वतःच्या मनानं सोडू नयेत, डॉक्टर हळूहळू उतरवून देतात.

मालदांडी

काळजीवर लिहितो. ‘विचार करू नको’ हा जगातला सगळ्यात निरुपयोगी सल्ला. विचार दाबला की जास्त वर येतो. त्यापेक्षा त्याला वेळ नेमून द्या. रोज संध्याकाळी पाच ते पाच-वीस. वही घ्या, पानावर मधोमध रेघ. डावीकडं ज्यात आपल्याला काही करता येतं ते, उजवीकडं ज्यात नाही ते. ‘बचतगटाचा हप्ता’ डावीकडं, ‘निर्बंध कधी उठणार’ उजवीकडं. डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढं उद्याचं एकच पाऊल लिहा, आणि ते फोन करणं, जाणं, विचारणं असं क्रियापद हवं. ‘हप्त्याचं बघू’ हे पाऊल नव्हे. ‘उद्या दहाला गटाच्या ताईंना फोन करून मुदत विचारणे’ हे पाऊल. उजवीकडचं वाचून वही मिटा. दिवसा काळजी आली की म्हणा, पाचला बघू, आणि एका शब्दात टिपून ठेवा.

लोक चुकतात कुठं, तर ही वेळ रात्री ठेवतात. झोपायच्या निदान दोन तास आधी संपली पाहिजे. दुसरं, वीसची चाळीस मिनिटं करतात. तिसरं, लिहायचं सोडून नुसतं मनात घोळवतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी पोरांनी लिहावं, किंवा बायका भाजी निवडताना एकमेकींना सांगतात तसं सांगावं. वेळ मात्र नेमलेलीच.

रेशनची काळजी डाव्या रकान्यातली आहे. मे आणि जून २०२१ असे दोन महिने माणशी पाच किलो मोफत धान्य केंद्राकडून होतं आणि शिवभोजन थाळीही (सरकारी स्वस्त जेवण) तेव्हा मोफत होती. दुकानदाराकडं कार्ड घेऊन विचारा, शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर बसू नका.

बातम्या दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. सकाळी उठल्या उठल्या नको आणि रात्री आठनंतर नको. मृतांचे आकडे दर तासाला बघून कुणाचा बचाव होत नाही.

कडक_भाकरी

धाप लागल्यासारखं वाटून रात्री दोनला दवाखाना गाठणारे बरेच आहेत. त्यांच्यापैकी काहींना खरंच ऑक्सिजन कमी असतो, काहींना घबराटीचा झटका असतो. दोन्ही ओळखायला आलं पाहिजे, म्हणून सविस्तर.

ऑक्सिमीटर आधी नीट लावा. नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, बोट गार असलं तरी चुकतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं बसा, मधलं बोट घाला, हात छातीच्या उंचीवर टेकवा आणि आकडा मिनिटभर स्थिर झाल्यावर वाचा. पहिल्या पाच सेकंदांतला आकडा म्हणजे आकडा नव्हे. ९४ च्या खाली स्थिर असेल तर श्वासाचे व्यायाम करत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन, जमत नसेल तर १०८. बसून ठीक असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं साध्या चालीनं चाला आणि परत मोजा. तीनपेक्षा जास्त अंक घसरले तरी डॉक्टरांना कळवायचं. ज्याला बसूनच धाप आहे त्याला चालवू नका.

घबराटीत आकडा बहुधा ९७-९९ असतो, छाती धडधडते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. कारण माणूस भराभर मोठे श्वास घेत असतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मुंग्या, चक्कर त्यातून येते. ‘मोठा श्वास घे, मोठा श्वास घे’ असं भोवतालचे ओरडतात, त्यानं ते वाढतं. उलट करायचं. नाकानं चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, श्वास छोटा आणि मऊ. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं. एक हात पोटावर ठेवा, पोट हललं पाहिजे, खांदे नाहीत. झटका दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात उतरतो. कागदाची पिशवी तोंडाला लावायचा जुना उपाय अजिबात नको, ऑक्सिजन खरंच कमी असेल तर जिवावर बेतेल. चाळिशीपुढचा माणूस, छातीतली कळ डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं जाते, गार घाम फुटतो, तर ते हृदयाचं समजूनच पळा.

आणखी एक. कोरोनात डेक्सामेथासोन, मेथिलप्रेडनिसोलोन अशी स्टेरॉइड देतायत. त्यांनी झोप उडते, माणूस बडबडा होतो किंवा चिडतो, क्वचित संशय घेतो. घरच्यांना वाटतं कोरोनानं डोकं बिघडवलं. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळच्या वेळेला घ्या, रात्री नको. शुगर वाढते तीही मोजा. मनानं बंद मात्र करायची नाही.

रूपाभवानी_रोड

दारू-तंबाखूवर कुणीतरी लिहा. दुकानं बंद झाल्यापासून काही घरांत फार वाईट अवस्था आहे.

कडक_भाकरी

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलटी, झोप नाही. फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत. दोन ते चार दिवसांच्या मधे भ्रम: भिंतीवर किडे दिसणं, नसलेल्या माणसाशी बोलणं, ताप, दिवस-वार न कळणं. हा शेवटचा टप्पा जीवघेणा आहे. खोलीत कोंडून, देवाला बांधून, लिंबू चोळून चालणार नाही. दवाखान्यात औषधानं थरथर उतरवतात आणि थायमिन (व्हिटॅमिन बी-१) देतात. ‘अशक्तपणा आलाय, ग्लुकोज लावा’ असा आग्रह धरू नका. थायमिन आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना किती वर्षं, रोज किती, शेवटचं कधी हे खरं सांगा, लाजेखातर निम्मं सांगू नका. सॅनिटायझर पिणं हा विषय नाहीच, त्यात मिथेनॉल असलं तर डोळे जातात आणि जीवही.

मिश्रीचं बायकांमधे कुणी मोजतच नाही. दिवसातून पाच-सहा वेळा लावणाऱ्या बाईची मिश्री संपली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड टोकाला जाते, डोकं दुखतं, पोट साफ होत नाही. सून-सासूच्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथं सापडेल. दोन ते चार आठवड्यांत उतरतं. २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतं. ते चघळायचं नसतं. चार-पाच वेळा चावायचं, तोंडात झणझण आली की गालाच्या कोपऱ्यात दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत. अर्धा तास. सारखं चावलं की निकोटिन पोटात जातं, उचकी आणि मळमळ होते, मग लोक म्हणतात गम सोसत नाही. गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारूनच.

गोदूताई_वसाहत

विडी कामगार बायकांचं वेगळं आहे. त्यांचं काम घरातच असतं, तेव्हा ‘घरात अडकणं’ नवीन नाही. नवीन आहे ते हात रिकामे असणं. सुपात पानं घेऊन बसायचं, कात्रीनं कापायचं, जर्दा भरायचा, सूत गुंडाळायचं, पंचवीसचा कट्टा बांधायचा. हाताला लय आणि दिवसाला माप होतं. आता घर भरलेलं, काम दुप्पट आणि मोजायला काही नाही. ‘काय केलं दिवसभर’ या प्रश्नाला उत्तर नसलं की उदासी धरते.

इथं जे चालतं ते असं. मन लागलं की काम करू, असं थांबायचं नाही. काम सुरू केलं की मन मागून येतं. दिवसाला तीन गोष्टी, आदल्या रात्री ठरवलेल्या. एक हाताची, जी संपलेली डोळ्यांना दिसते (सांडगे, पापड, गोधडीची एक पट्टी). एक माणसाशी बोलण्याची, दहा मिनिटं, फोनवर चालेल. एक स्वतःची, घरच्यांच्या कामाची नव्हे. काम इतकं छोटं ठेवा की वाईट दिवशीही होईल. ‘गोधडी शिवणे’ लिहिलं तर तिसऱ्या दिवशी सोडाल, ‘चार रेघा टाके’ लिहा. झालं की भिंतीवर खडूची खूण.

एका खोलीतल्या भांडणांबद्दल. प्रत्येकाला दिवसातून एक तास ‘माझ्याशी कुणी बोलायचं नाही’ असा द्या, पाळीनं. जागा नसेल तर खिडकीजवळची खुर्ची ठरवा. आवाज चढला की वीस मिनिटं वेगळं व्हायचं, रागानं वाढलेली धडधड उतरायला तेवढा वेळ लागतो. पण ‘वीस मिनिटांनी बोलू’ हे सांगूनच उठायचं, तडक निघून गेलं तर समोरच्याला ते आणखी लागतं. पैशांचं बोलणं रात्री नऊनंतर काढायचं नाही.

हे नियम भांडणासाठी आहेत, मारहाणीसाठी नाहीत. हात उचलला जात असेल तर ११२ किंवा महिलांसाठी १८१. फोन नवऱ्याच्या हातात असतो हे गृहीत धरून शेजारणीशी एक खूण ठरवून ठेवा, एखादं ठरावीक भांडं मागायला आलं की तिनं फोन लावायचा.

शेंगा_चटणी

पोरांचं? दहावीची परीक्षा रद्द झाली तर पोरगं आनंदानं नाचायच्या ऐवजी गप्प बसलंय, असं बऱ्याच घरांतून ऐकू येतं.

मालदांडी

वर्षभर ज्यासाठी धाप टाकली तेच गेलं, गप्प बसणारच. ‘बरं झालं, सुटलास’ म्हणू नका. त्याला सकाळचे दोन तास अकरावीच्या गणिताला आणि संध्याकाळी अंग मोडेल असं काहीतरी द्या. गच्चीवर दोरीउड्या चालतील, शंभराचे तीन फेरे, सातनंतर. लहान पोरं परत अंथरूण ओलं करायला लागतात, चिकटून बसतात, ते घाबरल्याचं लक्षण असतं. मारू नका, चिडवू नका. घरात कुणी गेलं असेल तर ‘आजोबा झोपलेत’, ‘गावाला गेलेत’ असं सांगू नका. झोपलेत म्हटलं की पोरगं झोपायला घाबरतं. ‘मेले, आता परत येणार नाहीत, तुझ्यामुळं झालं नाही’ या तीन गोष्टी साध्या शब्दांत सांगा. अंत्यदर्शन झालेलं नसतं, दहावा-तेरावा चार माणसांत उरकलेला असतो, म्हणून मोठ्यांचंही रडणं अडकतं. एक दिवस ठरवून नातेवाइकांनी फोनवर एकत्र यावं आणि प्रत्येकानं गेलेल्याची एक आठवण सांगावी. ते विधीइतकंच लागू पडतं.

सात_रस्ता

आता अवघड प्रश्न, कारण तो टाळला जातो. कुणी ‘मी ओझं झालोय’, ‘झोपेतच गेलो तर बरं’ असं बोलायला लागलं, वस्तू वाटून टाकायला लागलं, किंवा खूप अस्वस्थ असून अचानक शांत झालं, तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर पुढचा प्रश्न: कसं, कधी, काही जमवून ठेवलंय का. ठरलेलं असेल तर एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक, गोळ्यांचा साठा असलं जे काही असेल ते दुसऱ्याच्या घरी हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर. ‘पोरांचा विचार कर’ असं बजावू नका, तो अपराधीपणा आधीच त्याच्या मानगुटीवर असतो.

पोलीस केसच्या भीतीनं लोक दवाखान्यात नेत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध झालं नाही तर त्याच्यावर खटला चालत नाही. तेव्हा त्या भीतीत वेळ घालवू नका.

फोनवर बोलायला २०२१ मधे ‘किरण’ १८००-५९९-००१९ होती, चोवीस तास, मोफत (आता १४४१६ लावा, खाली बघा). ती तेरा भाषांत होती, त्यात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही होत्या, म्हणजे आपल्या शहराला पुरेसं. आजीला तेलुगूतच मोकळं बोलता येत असेल तर तेलुगूच निवडा, पोरानं मधे बसून मराठी करू नये. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, ओपीडीची वेळ फोनवर विचारून जा.

भुईकोट (संपादन, ऑक्टोबर २०२२)

धागा वर आणतोय कारण लोक अजून वाचायलेत. आता केंद्राची टेलिमानस ही मनाच्या आरोग्यासाठीची फोन सेवा सुरू झाली आहे: १४४१६. वरच्या ‘किरण’च्या नंबराऐवजी हा लावा. बाकीचं घरबंदीपुरतं नाही, आजारपण, नोकरी सुटणं, कशालाही चालेल.

नळाचा_वार

एक राहिलं. घरात लिथियम (बायपोलरवरची गोळी) चालू असलेला माणूस, बाहेर बेचाळीस अंश, आणि कंबर दुखते म्हणून मेडिकलवाल्यानं डायक्लोफेनॅक दिलंय. चालेल का?

कडक_भाकरी

नाही. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेननं लिथियम रक्तात साठतं. घाम जाऊन पाणी-मीठ कमी झालं तरी साठतं, म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात दोन्ही बाजूंनी. दुखण्याला पॅरासिटामॉल द्या, तेही किती ते डॉक्टरांना विचारून. पाणी रोजच्यापेक्षा जास्त, मीठ नेहमीइतकंच, एकदम सोडायचं नाही. उलट्या-जुलाब, हाताची मोठी थरथर, अडखळत चालणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली लिथियमची पातळी तपासा. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी देतात, पण लक्षणं असतील तर बारा तास मोजत बसू नका.

मनाच्या बाकी गोळ्यांसाठी एवढंच करा: घरात नेहमी पंधरा दिवसांचा साठा, चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये, आणि उदासीवरची गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवडे फरक दिसत नाही म्हणून बंद नाही. ती एकदम तोडली तर दोन-चार दिवसांत चक्कर आणि डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात.